कानात सांगितलेलं मत

शोनफेल्ड, चाको, पराग्वे
२ सप्टेंबर

प्रिय लेना,

प्रभूची शांती तुझ्या घरावर असो आणि तुझ्या गुडघ्यांवरही. मागच्या पत्रात घरापेक्षा गुडघ्यांचंच जास्त होतं.

आमच्याकडे उत्तरेचा वारा सुटलाय. सकाळी टेबल पुसावं आणि दुपारी त्याच टेबलावरच्या धुळीत बोटाने नाव लिहावं. टाक्यातलं पाणी तळाला गेलंय. हाइन रोज झाकण उघडून आत बघतो, जसं काही बघितल्याने ते वर येणार आहे. परवा मी म्हटलं, "आत उतरून थोडा रड, तेवढीच भर." तर म्हणतो, "खारट होईल, आणि खारट पाणी काय विहिरीत कमी आहे?" नवरा म्हातारा झाला पण त्याची जीभ काही म्हातारी होत नाही.

मी बातमी नेहमी पत्राच्या शेपटाला बांधते म्हणून तू रागावतेस, तर आज आधीच सांगते. आपली मेलीता नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली आहे. मेलीता म्हणजे आमच्या पीटरची मुलगी, दवाखान्यात नर्स आहे ती. लहानपणी तुझ्या चीजच्या पातेल्यात पाय घालून उभी राहिली होती ना, तीच. सहकारी दुकानासमोर तिचा मोठा फोटो लागलाय. मी रोज काहीतरी विसरल्याचं निमित्त काढून दुकानात जाते. काल मीठ आणलं. घरात मीठ गेल्या आठवड्यापासून तीन पुडे आहे. फोटोत केस नीट विंचरलेले नाहीत, पण लेना, काय उभी आहे पोरगी, जणू तिचंच गाव आहे.

कशासाठी उभी राहिली ते ऐक. डेअरीच्या मागे इथल्या मूळच्या एन्ल्हेट लोकांची वस्ती आहे, आमची रुफिना तिथलीच. तीस वर्षं तिने आणि मी एकाच गोठ्यात दूध काढलं. त्यांच्याकडे पावसाचं पाणी साठवायला धड टाकं नाही. मेलीता म्हणते, "आजी, दवाखान्यात तीच तीच पोरं पोट धरून येतात. मी औषध देते, ती घरी जाऊन तेच पाणी पितात. किती दिवस औषधच देत बसू?" टाकं बांधणं नगरपालिकेच्या हातात, म्हणून ही तिथे निघाली.

आता माझी पंचाईत. मी जन्मात मतदान केलेलं नाही, तुला ठाऊक आहे. माझी पंचाहत्तरी उलटली, त्यामुळे सरकारही म्हणतं, आजी, आलीस तर ये, नाहीतर राहू दे. हाइन म्हणतो, "प्रार्थना कर आणि बोट स्वच्छ ठेव." इथे मत दिलं की बोटाला शाई लावतात. मला काही सुचत नाही. तू काय म्हणतेस?

आणि डिसेंबरात येतेस ना? तोवर कलिंगडं पिकतील. मी सोबत मलईच्या पिठाचे रोलकुखन तळेन, तू पहिला घास घेऊन "आईच्या हातची सर नाही" म्हणशील, मी रुसेन. सगळं ठरलेलं आहे, फक्त तू यायची आहेस.

तुझी युस्टीना


रोझेनगार्ट, बोलिव्हिया
२४ सप्टेंबर

प्रिय युस्ताताई,

तुझं पत्र चीज विकायला गेलेल्या गाडीतून आलं, म्हणून त्याला वास येत होता. याच गाडीने उत्तर धाडतेय, तेव्हा तुलाही येईल.

मेलीतासाठी मी रोज प्रार्थना करते. ती हरावी अशी. रागावू नकोस, अगदी मनापासून करते.

ताई, तू मोठी, पण हे मला सांगू दे. सरकारला कर द्यावा, त्याच्यासाठी रोज प्रार्थना करावी, त्याच्याशी खोटं बोलू नये. एवढं आपलं काम. सरकारच्या कमरेला तलवार आहे आणि ती देवाने असू दिली आहे. पण ती कोणाच्या कमरेला बांधायची हे ठरवायला आपण गेलो, आणि उद्या ती कोणावर उपसली गेली, तर आपण काय म्हणायचं? मी फक्त पट्टा धरला होता? तलवार हातात घ्यायची नाही म्हणून आजोबांनी दोन देश सोडले, ते काय हवा बदलायला?

तू म्हणशील, लेनाला काय कळतंय, हिच्याकडे विजेचा दिवा नाही, मोटार नाही, ट्रॅक्टरची चाकंही मंडळीच्या नियमाने लोखंडाची. नाही कळत. पण जे कळतं ते घट्ट कळतं.

तुझी पंचाईत मला समजते. नात आहे, फोटो लागलाय, छाती फुगणारच. माझ्या एका नातीने मागच्या वर्षी गावातलं सगळ्यात मोठं चीज केलं, तेव्हा मीही शेजारणींना उगाच गोठ्यात नेऊन दाखवत होते.

आता मुख्य गोष्ट. डिसेंबरच्या प्रवासासाठी मी आमच्या चर्चच्या मंडळीचे पाळक वीबे यांची परवानगी मागितली. त्यांनी विचारलं, "तुझी बहीण मतदान करते?" मी म्हटलं, "नाही, कधीच नाही." ते म्हणाले, "मग खुशाल जा." ताई, आईला पुरलं त्या दिवशी आपण शेवटच्या भेटलो. तेव्हापासून नुसते कागद. मला खोटं पाडू नकोस, एवढंच मागते.

तुझी लेना

ता. क. रोलकुखनात मलई कमी घालतेस, म्हणून आईची सर येत नाही. भेटल्यावर सांगणार होते.


शोनफेल्ड
१२ ऑक्टोबर

प्रिय लेना,

तुझं पत्र मी हाइनला वाचून दाखवलं. "लेनाचं बरोबर आहे," असं म्हणून तो दिवसभर इतक्या ऐटीत फिरला, की संध्याकाळी मी त्याचा थंड तेरेरे प्यायचा कप धुतलाच नाही. आपला आपण धुव म्हटलं, बरोबर असणाऱ्या माणसांना हातपाय असतात.

पण खरं सांगू, मलाही पटलं होतं. मलईचं नाही, ते साफ खोटं आहे. मतदानाचं. मी ठरवून टाकलं, जायचं नाही. तू येणार हे मला नातीच्या फोटोपेक्षा मोठं. मेलीताला तसं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, नको देऊस. नुसती नात म्हणून तर मुळीच नको देऊस." चेहरा जरा उतरला, पण बटाटे सोलत राहिली.

मग मागच्या आठवड्यात रुफिना मागच्या दाराने भोपळा घेऊन आली. आम्ही दोघी बसलो. ती अर्धी स्पॅनिश बोलते, मी अर्धी आपली बोली, आणि गायींना तरी कुठे तक्रार होती. तिचा डोळा लाल झाला होता. मी म्हटलं, "दवाखान्यात चल, कार्ड घे बरोबर." म्हणजे ओळखपत्र, त्याशिवाय तिथे नाव लावत नाहीत.

म्हणाली, "कार्ड नाही."

"हरवलंस?"

"नेलं. ट्रकवाल्यांनी. मतदानाच्या दिवशी देतात."

"म्हणजे काय?"

"दर वेळी असंच, युस्टीना. आधी कार्डं गोळा करतात. त्या दिवशी ट्रकने नेतात, कुंपणाच्या आत बसवतात, मांस भाजून घालतात. मग रांगेत उभं करतात, कुठे खूण करायची ते सांगतात. मग कार्ड परत."

"कोण करतं हे?"

तिने भोपळ्याकडे बघितलं. "या वेळी तुमच्या मेलीताच्या पक्षाची माणसं आली होती."

लेना, मी भोपळा तसाच टेबलावर ठेवला आणि दवाखान्यात गेले. चालत. हाइन गाडी घेऊन मागून ओरडत आला तरी थांबले नाही. मेलीता कोणाच्या तरी हाताला पट्टी बांधत होती. त्या माणसासमोरच विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"नाही, आजी."

"खरं सांग."

ती पट्टी बांधत राहिली. मग म्हणाली, "ट्रक वस्तीवर जातात हे माहीत होतं. कशाला जातात ते मी विचारलं नाही."

तो पट्टीवाला बिचारा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मी काही बोलले नाही. तुला खरं वाटणार नाही, पण नाही बोलले. तिने एप्रन काढला, आजोबांकडून गाडीची किल्ली घेतली आणि थेट पक्षाच्या कचेरीत गेली. तिथे काय झालं ते ती सांगत नाही. परतली तेव्हा मांडीवर बिस्किटांचा डबा होता, कार्डांनी भरलेला. रुफिनाला शेजारी बसवून वस्तीवर नेलं आणि केब्राचोच्या झाडाखाली एकेकाचं कार्ड हातात दिलं. प्रत्येकाला सांगितलं, "कोणालाही मत द्या, पण हे कोणाला देऊ नका." दुसऱ्या दिवशी दुकानासमोरचा तिचा फोटो गेला. पक्षाच्या माणसांनीच काढला. मताच्या चिठ्ठीवरून नाव काढता येत नाही म्हणून ते राहिलंय, इतकंच. आता ती एकटीच दारोदार फिरते.

तेव्हापासून माझं मन ठिकाणावर नाही. मी जन्मभर बोट स्वच्छ ठेवलं आणि देवाला एवढंच हवं आहे असं समजून चालले. रुफिना माझ्या शेजारी बसून दूध काढायची, आणि दर निवडणुकीला त्या कुंपणात बसून यायची. मी एकदाही विचारलं नाही, काल कुठे होतीस गं? मी मेलीताला कोणत्या तोंडाने बोलणार होते?

तू तलवारीचं म्हणतेस ते खरं आहे. पण लेना, मी पट्टा धरला नाही म्हणून ती कोणावर उपसायची राहिली का? यावर तुझं उत्तर काय ते लवकर लिही. तू म्हणालीस तर मी ऐकेन, निदान ऐकायचा प्रयत्न करेन.

तुझी युस्टीना


शोनफेल्ड
६ नोव्हेंबर

प्रिय लेना,

चीजची गाडी आली आणि गेली, तुझं पत्र नाही. मी दुकानदाराला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मला बघून तोच म्हणाला, "नाही, आजी," आणि मी फक्त साखर घ्यायला गेले होते.

म्हणजे तू रागावलीस. लहानपणीही तू रागावलीस की बोलायची नाहीस. पलंगाखाली जाऊन बसायचीस आणि मला खाली वाकून माफी मागावी लागायची. आता वाकवत नाही गं.

मी मतदानाला जाणार आहे. तुझ्या गप्प बसण्यामुळे नाही. वाट बघितली, प्रार्थना केली, मन तिथेच जाऊन बसलं. तुला खोटं पाडायची इच्छा नाही. पाळक वीबेंना सांग, बहिणीने आजवर केलं नव्हतं हे खरं होतं, आता करणार आहे. लपवून केलं तर तुझ्यासमोर बसून मला घास गिळवणार नाही.

येणार नसशील तर तसं लिही. वाईट लिही, पण लिही.

युस्टीना


शोनफेल्ड
१८ नोव्हेंबर

प्रिय लेना,

अजून पत्र नाही, तरी लिहितेय, कारण हे तुला सांगितल्याशिवाय माझं पोट फुगेल.

रविवारी मतदान झालं. हाइनने गाडी काढली. न बोलता काढली, पण सीटवर माझ्यासाठी उशी ठेवली होती. शाळेपाशी झाडाखाली गाडी उभी करून तेरेरे भरत म्हणाला, "मी आत येणार नाही. इथे बसून प्रार्थना करतो."

"कोणासाठी?"

"तू पायरीवरून पडू नयेस म्हणून."

आत लहान मुलांच्या वर्गात टेबल मांडलेलं. त्यामागे एक तरुण अधिकारी, चांगला, पण केस मानेवर आलेले. दोन्ही बाजूंना पक्षांची माणसं बसलेली. माझं कार्ड बघितलं, नाव सापडलं, आणि तो माझ्याकडे बघून हसला. आता मला वाटलं, आपल्याकडे पाळक निवडतात तसंच इथेही असणार. एकेकाने आतल्या खोलीत जायचं, वडीलधाऱ्याच्या कानात नाव सांगायचं, आणि खाली बघत बाहेर यायचं. तशी मी टेबलावरून वाकले, त्याचा कान जवळ ओढला आणि म्हटलं, "मेलीता."

तुला ठाऊक आहे मला कमी ऐकू येतं. माझी कुजबूज म्हणे बाहेर गाडीत हाइनला ऐकू आली.

मग रांगेत मागे कोणीतरी खुदकन हसलं. वळून बघते तर रुफिना, तोंडावर हात धरून. ठेवणीतला निळा झगा घातलेला, कार्ड स्वतःच्या मुठीत. वस्तीपासून चालत आली होती.

तो तरुण कान चोळत म्हणाला, "आजी, मी पाळक नाही."

मी म्हटलं, "ते केसांवरून दिसतंच आहे."

पक्षाचा एक माणूस उठला. "हे मत बाद करा. गुप्त राहिलं नाही."

दुसरा म्हणाला, "बस रे खाली, तुझ्या आजीच्या वयाची आहे."

"म्हणून काय कायदा बदलतो?"

तरुण म्हणाला, "मत पेटीत पडलेलंच नाही, तर बाद काय करू? आजींनी मला एक नाव सांगितलं. लोक मला दिवसभर काय काय सांगतात." मग मला कागद दिला, पडदा दाखवला आणि हळूच म्हणाला, "तिथे कोणालाच सांगायचं नाही. मलाही नाही."

पडद्यामागे मी एकटी. कागदावर आकडे आणि रंग, नावं बारीक. मंडळीत आपण नाव सांगतो तेव्हा ऐकणारा कोणीतरी असतो, अर्धं ओझं त्याच्या कानात पडतं. इथे कोणी नव्हतं. मी हात जोडले. लेना, मी दर रविवारी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करत आले, पण ते कोण, हे मला कधी माहीत नसायचं. या वेळी एकेक नाव वाचून केली. मला तो कार्डं गोळा करणारा आवडत नाही, त्याच्यासाठीही केली, जरा आखडती. त्यात इतका वेळ गेला की बाहेरून तरुणाने विचारलं, "आजी, बरं वाटतंय ना?" मग मी खूण केली. मेलीतालाच केली. नात म्हणून नव्हे. तिने डबा परत आणला म्हणून.

ती हरली. थोडक्यात नाही, चांगलीच हरली. तुझ्या प्रार्थनेला फळ आलं म्हण. वस्तीतली मतं चारी दिशांना गेली, ज्याने त्याने आपल्या मनाला येईल तिथे टाकली. मेलीताला त्यातली थोडीच मिळाली, आणि ती याच गोष्टीवर खूश आहे. "आजी, बघ ना, सगळी वेगवेगळी पडली," असं म्हणत स्वयंपाकघरात नाचली. हरलेलं माणूस असं नाचताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि मलाही ताल धरावासा वाटला. टाक्यासाठी ती आता निवडून आलेल्यांच्या मागे लागणार आहे. मी सोबत जाणार, मोठ्याने कुजबुजायला.

तू येणार नाहीस, असं मी धरून चाललेय. दररोज सकाळी धरते आणि संध्याकाळपर्यंत सुटतं.

तुझी युस्टीना


रोझेनगार्ट
३० नोव्हेंबर

प्रिय युस्ताताई,

मी रागावले नव्हते. मी सांताक्रूझच्या सरकारी इस्पितळात होते. पित्ताशयात खडे झाले होते, कापून काढले. तुला कळवू नका असं मीच सांगितलं, कारण तू उठून आली असतीस आणि वाटेत पडली असतीस. जावयाने तुझी तिन्ही पत्रं एकदम आणली. सगळी एका दिवसात वाचली. हसताना टाके दुखले, त्याबद्दल तुझ्यावर थोडी रागावले आहे.

तिथल्या नर्स मुलीने माझे केस विंचरून दिले. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. खाट चांगली होती. मी पडल्या पडल्या विचार करायचे, ही खाट इथे आपोआप आली नाही. कोणीतरी कोणाच्या तरी मागे लागलं असणार. मी तर कधी कोणाच्या मागे लागले नाही, तरी तिच्यावर झोपले.

तरीही ताई, तू मतदान केलंस ते चुकलंच, असं मला वाटतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलेलं नाही, आणि माझं मतही बदललेलं नाही. दोन्ही एकाच डोक्यात आहेत, म्हणून डोकं दुखतं.

पाळक वीबेंना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. ते खूप वेळ टोपी फिरवत बसले. मग म्हणाले, जा, गळ्यात पड, तिच्याबरोबर प्रार्थना कर. पण तिने मतदान केलंय, तेव्हा तिच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही. मी वाद घातला नाही. मी त्यांच्या मंडळीत आहे आणि राहणार आहे. मी हो म्हटलं, आणि हो म्हटलं की पाळते, तुला माहीत आहे.

मी येते. पुढच्या आठवड्यात बस आहे. मी स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसून खाईन, तुम्ही बाहेर बसा. घरभर तुमच्या ताटांचा आवाज येईल आणि मी आत असेन, याचं वाईट वाटतंय, पण न येण्याचं त्याहून वाईट वाटेल.

तुझी लेना


शोनफेल्ड
९ डिसेंबर

प्रिय लेना,

हे पत्र घेऊन पीटरला सीमेवर धाडतेय, म्हणजे बसमधून उतरल्या उतरल्या तुझ्या हातात पडेल आणि उरलेल्या वाटेत तू रडत बसणार नाहीस.

कोपऱ्यात बसायचं नाव काढू नकोस. हाइनने गोठ्याजवळचं जुनं टेबल आणून घासून पुसून आमच्या टेबलाशेजारी लावलंय. दोन टेबलं आहेत. तुझं वेगळं, माझं वेगळं. मध्ये मोकळी जागा ठेवली आहे, बोट आत जाईल इतकी. हाइनने ती स्वतः मोजली आणि म्हणाला, "लेना खाली वाकून बघेल, तेव्हा खरीखुरी हवी." वरून एकच लांब चादर घातली आहे, कारण माझ्याकडे दुसरी धुतलेली नाही. पाळक वीबेंना मी मनापासून मान देते, त्यांचा शब्द मोडायचा नाही.

तुझी खुर्ची तुझ्या टेबलाशी, माझी माझ्या टेबलाशी, दोन्ही शेजारी शेजारी. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर बशी सरकवलेली चालते का, हे तू त्यांना विचारलं नसशीलच. विचारू नकोस.

तुझी युस्टीना